अकराचं दूध

१

हॉस्पिटलचे व्यवस्थापक हरिओम साहेब यांनी त्या खोलीचं दार उघडून "बसवा इथं मशीन" म्हटलं, तेव्हाच शिवकन्याला राग आला होता. आणि राग आलेला असतानाही ती "चालेल" म्हणाली होती. नंतर कितीही वेळा तिनं सगळं पहिल्यापासून जुळवून पाहिलं, तरी गाडी त्या एका शब्दापाशी येऊन थांबायची. चालेल.

लातुरातलं लहान लेकरांचं ते खासगी हॉस्पिटल. तळमजल्यावर, जिन्याला लागून, आठ बाय सहाची खोली. आत एक सिमेंटचा ओटा, वर छोटी जाळीची खिडकी. दारावर आई आणि लेकराचं चित्र चिकटवलेलं होतं. कुणीतरी ते खरवडून काढायला घेतलं असावं आणि अर्ध्यात कंटाळलं असावं. आईचं डोकं, खांदा, हात सगळं गेलं होतं. मांडीवरचं लेकरू तेवढं उरलं होतं.

"साहेब, ही बायकांची खोली हाय ना? पाजायला बसायची?"

"होती," हरिओम साहेब म्हणाले. "आता कोण बसतंय इथं? ज्याच्या-त्याच्या हातात बाटली आली. तुम्ही चहाचं बघा मॅडम. नातेवाइकांना चहाला रस्ता ओलांडून जावं लागतं, लई तक्रारी हायत."

कोण बसतंय ते दारातूनच दिसत होतं. जिन्याच्या पायऱ्यांवर तीन बायका भिंतीकडं तोंड करून, डोक्यावरून पदर ओढून बसल्या होत्या, आणि येणारे-जाणारे पुरुष त्यांना ओलांडून जात होते.

शिवकन्या स्वतः साडेपाच महिन्यांच्या लेकराची आई. तिला हे कळायला नको होतं का? कळलं होतं. पण नवऱ्यानं, अमरेशनं, जुना टेम्पो घेऊन पाण्याच्या जारचा धंदा लावला होता आणि त्याला जोड म्हणून हे मशीन उचललं होतं. जागा मिळत नव्हती. बी.एस्सी. झालेली बायको घरात बसून काय करणार, असं सगळ्यांनी आळीपाळीनं विचारून झालं होतं.

मशीन आलं. डुगडुग करायला लागलं म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. आत पावडरीचे तीन डबे: चहा, कॉफी, वेलदोड्याचं दूध. बटण दाबलं की घरघर, मग धार. पहिल्या दिवशी हरिओम साहेबांनी नारळ फोडला आणि फुकटचा चहा पिऊन म्हणाले, "साखर जास्त झाली."

२

काम तसं अवघड नव्हतं, चिकट होतं. सकाळी आठला कुलूप काढायचं. नळ्या आणि मिसळायच्या वाट्या गरम पाण्यानं धुवायच्या, कारण दूध पावडर ओलाव्यानं गुठळ्या धरते आणि नळी तुंबते. डबे भरायचे. जार बदलायचा. लातूरच्या पाण्याला क्षार फार, म्हणून आठवड्यातून एकदा टाकीत लिंबूसत्व टाकून उकळी द्यायची. पहिले दोन कप पाणचट येतात, ते ओतून द्यायचे. कपाखाली जाळीचा ट्रे असतो; दिवसभर सांडलेलं त्यात साचतं. तो संध्याकाळी अमरेश काढून धुवायचा, कारण दोन वाजता शिवकन्या घरी जायची आणि तो जार टाकून परत यायचा.

अडचण अकरा वाजता व्हायची. घरी तनुजाला अकराला पाजायची सवय. अंगाला घड्याळ बरोबर कळतं. अकरा वाजले की छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउज भिजायचा, आणि समोर कुणीतरी दहाची नोट धरून विचारत असायचं, "कॉफी येती का हो याच्यातून?"

संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. जिन्यावर बसायची तिला लाज वाटली, आणि जिन्यावरच्या बायकांच्या नजरेची जास्त वाटली. शेवटी तिनं "पाच मिनिटं बंद" अशी पाटी लावली, दार लोटून घेतलं, मशीनच्या मागं ओट्यावर बसली आणि कागदी कपात दूध पिळून काढलं.

आता ते टाकायचं कुठं? सासूबाईंनी, जगदेवीनं, बाळंतपणातच बजावलं होतं, "अंगावरचं दूध मोरीत टाकू नये पोरी. कुणाच्या पायदळी येऊ नये. झाडाच्या बुडाला टाकावं." हॉस्पिटलच्या आवारात सगळीकडं फरशी. कुंड्या होत्या, त्यातली झाडं प्लॅस्टिकची.

तिनं ते मशीनच्या ट्रेत ओतलं. मोरी नाही, पायदळी नाही. नियम मोडला नाही, असं स्वतःला सांगितलं. शिकलेल्या माणसाला पळवाट लवकर सापडते.

दीड वाजता ट्रे पुसायला म्हणून तिनं जाळी उचलली. खाली थेंब नव्हता.

म्हणजे ट्रे नुसता रिकामा नव्हता, लखलखीत होता. सकाळपासूनचे चहाचे डागही नव्हते. मांजरानं चाटलेल्या ताटलीसारखा. पण जाळी तर जागच्या जागी होती.

३

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या बाईनं विचार करावा तसा तिनं केला. वाटीभर दूध दोन तासांत उडून जात नाही. गेलंच तर मागं सायीचा थर राहतो. मुंग्या? मुंग्या डाग पुसून नेत नाहीत. फरशी पुसणारी सुमनबाई?

"मी कशाला हात लावू तुमच्या मशीनला?" सुमनबाई म्हणाली. "मी तर त्या खोलीत फडकंबी मारत न्हाई. दारातूनच पाणी ओतती."

"का बरं?"

"तसं काई न्हाई. काई झालेलं न्हाई तिथं, उगं डोक्यात घेऊ नका." तिनं फडकं पिळलं. "एवढी वर्षं बाया आत बसायच्या. वरच्या मजल्यावर लेकरं गळा काढून रडायची, आत आली की गप. कसं काय, इचारायला मी न्हाई गेले."

शिवकन्याला वाटलं, विचारायला काय जात होतं? पण दुसऱ्या दिवशी अकराला तिनं पुन्हा कप ट्रेतच ओतला. तिसऱ्या दिवशीही. सोयीची गोष्ट होती, आणि सोयीच्या गोष्टीला माणूस फार प्रश्न विचारत नाही. रोज दीड वाजता ट्रे चकचकीत असायचा.

त्याच आठवड्यात तनुजानं अंगावर पिणं सोडलं.

दुपारी घरी आल्या-आल्या शिवकन्या हात धुऊन तिला जवळ घ्यायची. लेकरू हसायचं, पण छातीशी धरलं की तोंड फिरवायचं. सकाळी काढून ठेवलेल्या अंगावरच्या दुधाची बाटलीही तशीच भरलेली.

"तिनं बोटभरबी घेतलं न्हाई," जगदेवी म्हणायची. "पण रडलीबी न्हाई बघ. झोपली मस्त."

शिवकन्यानं तिच्या तोंडाजवळ नाक नेलं. वेलदोडा. पावडरीचा गोडसर, पुठ्ठ्यासारखा, जिभेच्या शेंड्यावर चिकटणारा वास. दिवसभर हाच वास तिच्या स्वतःच्या हातांना असायचा, म्हणून तिनं परत जाऊन हात धुतले, साडी बदलली आणि परत वास घेतला.

वेलदोडा.

४

"आत्या, खरं सांगा. तुम्ही हिला पावडरीचं दूध दिलं का?"

"कसली पावडर?"

"मशीनची. घरात दोन पाकिटं हायत कपाटात."

जगदेवी शेंगा निवडत होती. हात थांबला. "मी अमरेश वाढवला, त्याच्या दोन बहिणी वाढवल्या. साडेपाच महिन्याच्या लेकराला चहावाल्याची पावडर पाजायला मी येडी हाय का?"

"मग वास कशाचा येतो?"

"तुझा येत असंल. दिवसभर त्याच्यातच लोळतीस."

संध्याकाळी अमरेशनं दोघींचं ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणे कुणाचीच बाजू घेतली नाही. "लेकराचं वजन करून आण ना. हॉस्पिटलातच तर जातीस."

वजन दोनशे ग्रॅमनं वाढलं होतं. वरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान पितीये की. आईलाच कमी वाटतं नेहमी." शिवकन्यानं मान डोलावली. आतून ती पेटली होती. पितीये. कुणाचं?

मग तिनं ठरवलं. कुणाला न सांगता दुधाच्या डब्यातली वेलदोड्याची पावडर काढली आणि बाजारातून आणलेलं केशर-दुधाच्या पावडरीचं पाकीट भरलं. पाकीट हॉस्पिटलातच फाडलं, तिथंच फेकलं. हात साबणानं दोनदा धुतले. घरात केशराचा कणही गेला नाही. अकराला कप ट्रेत ओतला, मशीनच्या डब्यांच्या दाराला कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली. आपण सासूला पकडायला नाही, सासू निर्दोष आहे हे सिद्ध करायला हे करतोय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. तिला स्वतःलाच ते फारसं पटलं नाही.

घरी आली तर तनुजा वाकळीवर पाय झाडत खेळत होती. तिनं जांभई दिली. जीभ पिवळी होती.

शिवकन्या जे बोलली ते नंतर आठवून तिला लाज वाटली, पण त्या क्षणी तिला फक्त बरं वाटत होतं. राग आला की कारण समोर बसलेलं लागतं, आणि समोर जगदेवी होती. माझं लेकरू तोडायलात, ती म्हणाली. मी घराबाहेर पडले ते बघवत नाही, ती म्हणाली. कुठून आणलं केशर, कुणाकडून मागवलं, दाखवा कपाट.

जगदेवी उठली. गळ्यातली चांदीची करडगी, जिच्यात तिचं इष्टलिंग असायचं, ती तिनं मुठीत धरली. 

"ह्याला धरून सांगते. ह्या पोरीच्या तोंडात मी तुझ्या बाटलीशिवाय काई घातलं न्हाई. आन् आता तू म्हणलीस तरी हात लावणार न्हाई."

लिंग हातात धरून बोलल्यावर पुढं बोलायचं नसतं. हे शिवकन्याला माहीत होतं. तरी ती म्हणाली, "मग ही जीभ?"

जगदेवी चारच्या गाडीनं औशाला, लेकीकडं निघून गेली.

५

दुसऱ्या दिवशी मशीनवर अमरेश गेला आणि शिवकन्या घरी राहिली. डब्यात काय आहे ते तिनं त्याला सांगितलं नव्हतं. घरात आता ती आणि लेकरू, दोघीच. दार आतून लावलेलं. कपाटातली पाकिटं तिनं शेजारच्या शिवकुमारभाऊंच्या घरी नेऊन ठेवली होती. कसलं कारण सांगावं ते न सुचल्यानं "मुंग्या लागायल्यात" म्हणाली होती.

साडेदहाला तनुजाला पाजायचा प्रयत्न केला. तोंड फिरवलं. वाकळीवर ठेवली आणि शिवकन्या मांडी घालून समोर बसली. आज कुणाला पकडणार आहोत आपण? पोरीला? तिला स्वतःचं हसू आलं.

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. पंखा एका बाजूला कुरकुरत होता.

अकराला तिचा ब्लाउज भिजला, आणि त्याच वेळी तनुजानं पाय झाडायचं थांबवलं.

लेकरानं मान डावीकडं वळवली. तोंड उघडलं, ओठ पुढं आले, हवेत मिटले. गाल आत गेले. गळा हलला. थोडं थांबून पुन्हा हलला. मग लय लागली, लेकरू पोटभर पिताना लागते तीच. शिवकन्याला गिळण्याचा आवाज ऐकू येत होता. पंख्याच्या कुरकुरीत तो इतका स्वच्छ ऐकू येत होता की तिला वाटलं, आपण कितीतरी दिवस हा ऐकलाच नव्हता.

तनुजाचे डोळे उघडे होते. ती छताकडं बघत नव्हती. हातभर वर बघत होती, मांडीवर घेणाऱ्याचा चेहरा असतो तेवढ्याच उंचीवर. उजवा हात वर उचललेला, आणि बोटं कशाभोवती तरी मिटलेली. पिताना ती शिवकन्याचं मंगळसूत्र असंच धरायची.

ओठांच्या कोपऱ्यातून पिवळा थेंब ओघळून कानापाशी गेला.

शिवकन्यानं अमरेशला फोन लावला. "मशीन बंद करा."

"आं? गिऱ्हाईक उभं हाय इथं."

"बटण बंद करा म्हणते ना. भिंतीतलं."

"काय झालंय काय तुला? तुझं एकेक..." पण तिच्या आवाजात काहीतरी असावं. पलीकडं खट्‌ आवाज आला.

तनुजाचं तोंड उघडंच राहिलं. बोटं सुटली. डोळे हातभर वरच्या त्या जागेत इकडंतिकडं शोधत राहिले, आणि मग ती अशी रडली, जशी आईच्या हातातून ओढून घेतल्यावर लेकरं रडतात.

६

त्यानंतर तिनं काहीच घेतलं नाही. अंगावर नाही, बाटलीतलं नाही, चमच्यानं नाही. रडून-रडून आवाज बसला. अमरेश दोनदा म्हणाला, "मशीनचा आणि हिचा काय संबंध?" आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "चालू करून बघू का?"

"करून बघा," शिवकन्या म्हणाली. "हात तोडून ठेवते."

सकाळी आठला ती लेकरू घेऊन हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर उभी होती. तनुजाची टाळू आत गेली होती. डॉक्टरबाईंनी पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले. "आजार काही दिसत नाही. पण पाणी कमी होतंय. खाली जाऊन अर्धा तास शांतपणे अंगावर घेऊन बघा. नाही घेतलं तर सलाईन लावू, ॲडमिट करू."

"खाली कुठं बसू, मॅडम?"

डॉक्टरबाईंनी पुढच्या पेशंटचा कागद ओढला. "असेल ना कुठंतरी खोली."

जिन्यावर जागा नव्हती. पाच बायका होत्या आज. शिवकन्या त्यांच्यामधून वाट काढत उतरली, कमरेची चावी काढली आणि दार उघडून आत शिरली.

मशीन बंद होतं. भिंतीतलं बटण वर होतं, वायर काढून वर गुंडाळून ठेवलेली. तिनं दाराची कडी लावली आणि ओट्यावर बसली. इतक्या दिवसांचा राग तिच्या घशापर्यंत आला होता, आणि आता समोर सासू नव्हती, नवरा नव्हता, हरिओम साहेब नव्हते.

"ऐक," ती त्या रिकाम्या खोलीला म्हणाली. आपण कुणाशी बोलतोय हे तिनं स्वतःला विचारलं नाही. "तुझी जागा मी घेतली, खरं हाय. माझं चुकलं. मला कळत होतं तरी मी चालेल म्हणले. पण माझं लेकरू मला दे. पावडरीवर वाढवायलीस तू तिला. तुझ्यापाशी दुसरं काय हाय? न्हाई ना काई? मग मला दे. माझ्या लेकराला मीच पाजणार."

मशीनच्या आत कुठंतरी एक नळी टपकली. थांबली.

तिनं पदर ओढला आणि तनुजाला उजवीकडं घेतलं. लेकरानं तोंड फिरवलं. परत घेतलं. परत फिरवलं. शिवकन्या रडत नव्हती, दात आवळून बसली होती. तिसऱ्यांदा तनुजानं डोळे उघडले, हातभर वर पाहिलं, शिवकन्याच्या चेहऱ्याकडं नाही, तिच्या खांद्याच्या मागं. कुणीतरी हो म्हणावं आणि लेकरानं ऐकावं, तसं काहीसं झालं. तिनं तोंड उघडलं आणि धरलं.

ओढ इतकी जोराची होती की शिवकन्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. गिळण्याचा आवाज. गळा हलत होता, आणि तिचंच दूध त्यातून उतरत होतं. तिनं भिंतीला डोकं टेकवलं. कितीतरी वेळानं तिचे खांदे सैल झाले.

तेव्हा तिच्या डाव्या मांडीवर कुणीतरी अलगद काहीतरी ठेवलं.

जड नव्हतं. अगदीच हलकं होतं, असायला हवं त्यापेक्षा खूप हलकं, आणि थंड. ती खाली पाहणार नव्हती. तिनं समोर मशीनच्या स्टीलच्या दारावर नजर रोखली. त्या दारात तिची स्वतःची धूसर आकृती होती, पदर दोन्ही बाजूंनी फुगलेला. उजव्या बाजूनं तनुजाचे पाय बाहेर आले होते, पायात लाल मोजे. डाव्या बाजूनंही एक पाऊल बाहेर आलं होतं. त्याला मोजा नव्हता.

मग डावीकडंही ओढ लागली. आधी कमजोर, चाचपडत. ट्रेतलं गार दूध चाटून शिकलेल्याला एवढंच येत असणार. मग हळूहळू नीट.

झटकून उठता आलं असतं. तिला ते कळत होतं. अंगभर काटा होता, मान ताठ झाली होती आणि रागही गेलेला नव्हता, उलट तो आता फार स्पष्ट झाला होता. पण तनुजा पीत होती. पदराखाली तनुजानं एक हात लांब करून पलीकडं काहीतरी पकडलं आणि दूध तोंडात असतानाच ती हसली. शिवकन्याचा डावा हात तिला न विचारता खाली गेला. मान सावरायची असते. एवढ्या लहानाची मान धरलेली नसते.

दारावर थाप पडली.

"मॅडम," हरिओम साहेबांचा आवाज. "मशीन बंद कामून ठेवलंय? लोकं चहाला थांबलेत. कडी काढा."

"न्हाई काढणार," शिवकन्या म्हणाली.

"म्हणजे? अहो, ही काय बसायची जागा हाय का?"

"हाय. बाहेर जिन्यावर बाया बसल्यात, त्यांना सांगा, एकीनंबी पायरीवर बसायचं न्हाई आजपासून. मशीन उद्या माझा नवरा उचलून नेईल."

दाराची मूठ हलली. "मॅडम, दार उघडा आधी."

डाव्या बाजूचा थंड गाल आता थोडा कोमट झाला होता. शिवकन्यानं पदर नीट केला, दोन्हीकडून.

"थांबा म्हणलं ना," ती म्हणाली. "दोघांचं पिऊन होऊ द्या."